भाजीचे बी आणि पाल्याची पूड

बियाण्याविषयी बोलावयाचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पेरणीचा दिवस उभा राहतो. बी मातीत पडते, त्याला पाणी मिळते, आठवड्याभरात कोंब वर येतो. न आला तर बी वाईट निघाले असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु बियाण्याचे बरेवाईट पुष्कळदा पेरणीच्या दिवशी ठरत नाही. ते त्याआधीच्या सहासात महिन्यांत, घरातल्या फळीवर, उतरंडीच्या मडक्यात किंवा एखाद्या दुकानाच्या मागल्या दमट खोलीत ठरून गेलेले असते. या मधल्या काळाविषयी आपण फारसे बोलत नाही. आज मला त्याविषयीच बोलावयाचे आहे. आणि विशेषतः त्या काळात भाजीच्या बियाण्याला कडुनिंब, करंज, वेखंड यांसारख्या वनस्पतींची पूड चोळून ठेवण्याची जी रीत आहे, तिच्यात तथ्य किती आणि भाबडेपणा किती, याविषयी.

बी हे निर्जीव दिसते. पण ते जिवंत असते. फार सावकाश का होईना, ते श्वासोच्छ्वास करते, साठवलेले अन्न खर्च करते आणि म्हातारे होते. त्याच्या म्हातारपणाचा वेग दोन गोष्टी ठरवितात, ओल आणि उष्णता. कॅलिफोर्निया विद्यापीठातील जेम्स हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाने याचा एक ढोबळ पण मोठा उपयोगी हिशेब बसवून दिला आहे. बियाण्यातील ओलावा शेकडा १ ने कमी केला की त्याचे साठवणीतील आयुष्य दुप्पट होते. आणि साठवणीच्या जागेचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले की तेही दुप्पट होते. हा नियम साधारण ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या मर्यादेतच लागू पडतो. तरीही त्याचा अर्थ किती दूरवर पोहोचतो पाहा. १२ टक्के ओलाव्याचे बी वाळवून ८ टक्क्यांवर आणले, तर त्याचे आयुष्य चौपट नव्हे, सोळापट होते. यासाठी औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. लागते ते कोवळे ऊन, वारा आणि थोडा धीर.

सगळीच बियाणी सारखी टिकत नाहीत. टोमॅटो, काकडी, भोपळा यांचे बी नीट वाळवलेले असले तर काही वर्षे तग धरते. मिरचीचे त्या मानाने लवकर उतरते. आणि कांदा तर अल्पायुषींचा राजा! नाशिक-पुण्याकडील शेतकरी ज्याला उळे म्हणतात ते कांद्याचे बी साध्या हवेत ठेवले तर वर्षाच्या आत बहुतांशी निकामी होते. त्यातही दुर्दैव असे की, डेंगळ्यांवरचे गोंडे उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येतात आणि रब्बी कांद्याचे रोप टाकावयाचे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे बी हाती आल्यापासून ते वाफ्यात पडेपर्यंतचा सारा काळ मे महिन्याची काहिली आणि नंतरचा पावसाळा यांत जातो. उष्णता आणि ओल हे दोन्ही शत्रू एकामागून एक भेटीस येतात. कोकणात, किंवा कलकत्त्याच्या बाजूस, पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली चिंब असते. तेथे कापडी पिशवीतले वाळलेले बीही हवेतला ओलावा ओढून घेऊन पुन्हा ओले होते. विदर्भातल्या किंवा माळव्यातल्या हिवाळ्यात तीच पिशवी सुखरूप राहते. आपले मराठी श्रोते आज देशाच्या सर्व भागांत विखुरलेले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले. एका ठिकाणची साठवणीची रीत दुसरीकडे जशीच्या तशी उपयोगी पडेलच असे नाही.

आता पुडीकडे वळू. आपल्या घरोघरच्या जुन्या बायकांना हे सारे पुस्तकावाचून ठाऊक होते. दुधी, दोडका, घोसाळे यांचे एक चांगले फळ वेलीवरच जून होऊ द्यावयाचे आणि तसेच वाळवून चुलीवरच्या आढ्याला टांगावयाचे. धुराने ते कोरडे राही आणि किड्यांना तिकडे फिरकण्याची सोय उरत नसे. काकडी-भोपळ्याचे बी राखेत घोळवावयाचे. वाल, पावटा, चवळी राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात पुरून ठेवावयाची, कोठे निर्गुडीच्या डहाळ्या घालावयाच्या, कोठे वेखंडाचे तुकडे. चुली गेल्या, आढी गेली, आणि त्यांच्याबरोबर हे शहाणपणही अडगळीत गेले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालापावट्यांचे आणि इतर पिकांचे कितीतरी गावरान वाण जतन केले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरातल्या लोकांनी प्रथमच विचारले की, हे बी इतकी वर्षे टिकले तरी कसे? प्रश्न योग्य होता. तो जरा उशिरा विचारला गेला, इतकेच.

ग्रंथांचीही साक्ष आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्ष नावाचा एक अधिकारी येतो. शेतीखात्याचा हा वरिष्ठ अंमलदार. आम्हां सरकारी नोकरांचा फार जुना पूर्वज म्हणावयास हरकत नाही. धान्याबरोबरच फुले, फळे, भाज्या, कंद आणि मुळे यांचे बी योग्य वेळी गोळा करणे हे त्याच्या कर्तव्यांत मोडते. पेरण्यापूर्वी धान्याच्या बियाण्याला सात रात्री दव आणि दिवसा ऊन द्यावे, उसाच्या कांड्यांच्या कापलेल्या टोकांस मध, तूप, डुकराची चरबी आणि शेण लावावे, कंदांना मध-तूप चोळावे, असे तेथे सांगितले आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात वावडिंग पुन्हा पुन्हा येते. या ग्रंथाची प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात सापडली आणि १९९६ साली तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. अशा उल्लेखांनी ऊर भरून येणे स्वाभाविक आहे. परंतु जुन्या ग्रंथात आहे म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही आणि जुनी आहे म्हणून खोटीही ठरत नाही. मधतुपाचे मला ठाऊक नाही. पण कापलेल्या टोकावर लेप दिला की ते सुकत नाही आणि कुजत नाही, ही दृष्टी मात्र अस्सल शेतकऱ्याची आहे.

कडुनिंबाची गोष्ट निराळी. त्याची परीक्षा प्रयोगशाळेत झालेली आहे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली असता हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाला असे दिसले की, टोळांनी आसमंतातली सारी हिरवळ फस्त केली, पण कडुनिंबाच्या झाडांना तोंड लावले नाही. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतील डॉ. प्रधान यांनी १९६२ साली लिंबोळीच्या गराचे पाणी उभ्या पिकावर शिंपडून ते टोळांपासून वाचविता येते असे दाखवून दिले. पुढे १९६८ साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी त्यातले मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याला ॲझाडिरॅक्टिन म्हणतात. हे द्रव्य किड्याला जागच्या जागी मारीत नाही. ते त्याची भूक मोडते, त्याची कात टाकण्याची क्रिया बिघडविते आणि त्याचा वंश खुंटविते. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. हे द्रव्य मुख्यतः लिंबोळीच्या गरात असते, पाल्यात त्याचे प्रमाण पुष्कळच कमी. आणि उन्हात ते लवकर नासते. म्हणून पाला सावलीत वाळवा असे जे सांगतात ते उगीच नव्हे, आणि पाल्याच्या पुडीकडून गराइतक्या गुणाची अपेक्षा करणेही बरोबर नव्हे.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त एका डोंगराळ तालुक्यात गेलो होतो. तेथे एका आजीबाईंनी मला दोन मडकी दाखविली. दोन्हींत वालाचे बी. एकात राख, एकात कडुनिंबाचा पाला. पाल्याचे मडके उघडताच आतून भुंगे बाहेर आले आणि प्रत्येक दाण्याला टोचल्यासारखे वाटोळे भोक. "साहेब, पाला तर वंजळभर घातला होता," त्या म्हणाल्या, "मग भुंगा शिरला कुठून?" बरोबरच्या कृषी सहायकाने पाला कमी पडला असे उत्तर दिले. ते उत्तर सोपे होते, पण खरे नव्हते. भुंगा मडक्यात शिरलाच नव्हता; तो आधीपासून आत होता.

या भुंग्याचा जीवनक्रम समजून घेतला म्हणजे पुडीची शक्ती आणि मर्यादा दोन्ही एकदम कळतात. मादी शेतातच, पिकत आलेल्या शेंगांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थेट दाण्यात शिरते आणि आतल्या आत वाढते. आपण शेंगा तोडतो, दाणे काढतो, ते निर्मळ दिसतात. पण काहींच्या पोटात अळी असते. वरून लावलेली पूड तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. महिन्याभरात ती पूर्ण वाढ झालेला भुंगा होऊन दाण्याचे झाकण उघडून बाहेर येते. पुडीचा आणि त्याचा खरा सामना येथून पुढे सुरू होतो. दाण्यांमधल्या फटी पुडीने भरलेल्या असतील तर त्याला हिंडता येत नाही, जोडीदार मिळत नाही. राखेसारखी बारीक, खरखरीत पूड त्याच्या अंगावरचा मेणाचा पातळ थर खरवडते आणि अंगातले पाणी उडून जाऊन तो सुकून मरतो. वेखंडासारख्या उग्र द्रव्याने त्याची प्रजननशक्ती जाते. दाण्यावर तेलाचा हात फिरविलेला असेल तर अंड्यातला जीव गुदमरतो. म्हणजे पूड पहिल्या पिढीला रोखीत नाही. दुसरी आणि तिसरी पिढी होऊ देत नाही. आणि खरा विध्वंस करतात त्या याच पिढ्या.

आजीबाईंच्या राखेच्या मडक्यात काय घडले असावे ते यावरून कळेल. राख भरपूर होती, तिने फटी भरून काढल्या होत्या. पाला मात्र अख्खा घातलेला, पानांच्या आणि दाण्यांच्या मधे भुंग्याला अंगण मोकळे! शिवाय तो पुरता वाळलेलाही नव्हता; त्याने आपली ओल बियाण्याला दिली. यावर उपाय साधा आहे. कडधान्याच्या जातीचे बी प्रथम चांगले वाळवावे, महिन्याभराने एकदा उघडून पाखडावे, भोके पडलेले दाणे काढून टाकावेत, पुन्हा ऊन दाखवावे, आणि मग पूड लावून तोंड बंद करावे. पाला घालावयाचा तर तो वस्त्रगाळ करून घालावा.

येथपर्यंत किड्यांविषयी झाले. पण मिरची, वांगी, टोमॅटो, कांदा यांच्या बारीक बियाण्याला भुंगा सहसा लागत नाही. त्यांचे शत्रू दोन: बुरशी आणि वार्धक्य. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर गेली की साठवणीतल्या बुरशा माजू लागतात आणि बियाण्याचा अंकुर आतून कुजवितात. कडुनिंब, हळद, करंज यांच्या पुडी बुरशीच्या वाढीला काही अंशी आवर घालतात. वार्धक्याचे प्रकरण अधिक गहन आहे. बियाण्यातील स्निग्ध पदार्थ प्राणवायूच्या संयोगाने हळूहळू खवट होतात, पेशींची आवरणे झिरपू लागतात, आणि बी भिजत घातले की आतली साखर व क्षार पाण्यात उतरून जातात. म्हाताऱ्या बियाण्याचे पाणी गढूळ होते ते त्यामुळेच. आता तेलाला खवटपणा येऊ नये म्हणून त्यात काही प्रतिबंधक द्रव्ये घालतात, तसे बियाण्याला काही लावता येईल काय, असा विचार शास्त्रज्ञांच्या मनात आला.

या दिशेने पश्चिम बंगालमध्ये पुष्कळ काम झाले आहे. कलकत्ता विद्यापीठातील आर. एन. बसू यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बियाण्याला साठवणीत तरतरी कशी आणावी याचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. तिकडच्या संशोधकांनी निवडलेल्या द्रव्यांत एक अगदी आपल्या स्वयंपाकघरातले आहे, ते म्हणजे लाल मिरचीची पूड. किलोभर बियाण्यास एखादा ग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात ती कोरडीच चोळावयाची. मिरचीतील तिखट द्रव्य आणि तिची इतर संयुगे खवटपणाची साखळी तोडीत असावीत, असे त्यांचे अनुमान आहे. दक्षिणेत कोइमतूर येथील तमिळनाडू कृषी विद्यापीठाने दुसरी वाट धरली. त्या प्रांतात अरप्पू नावाच्या झाडाच्या पाल्याची पूड बायका केस धुण्यासाठी वापरतात, जशी आपल्याकडे शिकेकाई. वनस्पतिशास्त्रात त्या झाडाला अल्बिझिया अमारा म्हणतात. या पाल्यात फेस आणणारी द्रव्ये असतात. ब्लीचिंग पावडर, खडूची पूड आणि अरप्पूची पूड ५:४:१ या प्रमाणात एकत्र करून किलोमागे ३ ग्रॅम चोळण्याची शिफारस त्या विद्यापीठाने अनेक पिकांच्या बियाण्यासाठी केलेली आहे. यात पाल्याचा वाटा दहावाच आहे, हे लक्षात घ्यावे. बियाण्याला पूर्णपणे पाल्याच्या पुडीनेच तारले, असा याचा अर्थ कोणी करू नये.

पेरणीच्या वेळी पूड लावण्याचा हेतू वेगळा असतो. तेथे खळ किंवा गुळाचे पाणी यांसारख्या चिकट द्रवात बी घोळवून वर पाल्याच्या पुडीचा जाड थर चढवितात. बारीक बी थोडे मोठे होते, हाताने सारख्या अंतरावर टाकता येते, थर भोवतालची ओल धरून ठेवतो आणि कोवळ्या मुळाला चार दिवस आसरा मिळतो. पिकाची वाढ सुधारते असे जे म्हणतात त्याचा बराचसा उलगडा येथे आहे. पुडीत एखादे जादूचे खत नसते. बी जोमदार राहिले, एकाच वेळी उगवले, वाफ्यातली रोपे सारख्या उंचीची निघाली, तर लावणीत खाडे पडत नाहीत आणि पुढचे पीक सरसकट बरे दिसते. तीनशे रोपांचा वाफा एका आठवड्यात भरणे आणि तीन आठवड्यांत रडतखडत भरणे यांतला फरक भाजीवाल्या शेतकऱ्यास सांगावा लागत नाही.

येथे कोणी विचारील की, थायरम, कॅप्टन यांसारखी बुरशीनाशके बाजारात तयार मिळतात, ती स्वस्त आहेत, त्यांचा गुण निश्चित आहे. मग या पाल्याच्या उठाठेवी कशाला? प्रश्न रास्त आहे. मोठ्या प्रमाणावर बी तयार करणाऱ्याने ती वापरावीत, आणि जेथे वाफ्यात रोपे कोलमडण्याचा रोग दरसाल येतो तेथे केवळ पाल्यावर भिस्त ठेवू नये, असेच मी सांगेन. पण घरचे बी राखणाऱ्याची अडचण वेगळी आहे. धने, मेथी, वाल, चवळी, वाटाणा ही बियाणी आहेत आणि अन्नही आहे. पेरून उरलेले बी आमटीत जाते. मडके तेच, फळी तीच, घरातली लहान मुलेही तीच. विषारी औषध लावलेले बी खाण्यापिण्यासाठी वापरू नये असा इशारा पिशवीवर छापावा लागतो, आणि तो कायदा योग्यच आहे. पण इशारा वाचणारा प्रत्येक वेळी जवळ असतोच असे नाही.

याची फार दारुण साक्ष इराकची आहे. १९७१ साली दुष्काळानंतर त्या देशाने पेरणीसाठी परदेशातून गहू मागविला. त्याला पाऱ्याचे बुरशीनाशक लावलेले होते आणि ओळखू यावे म्हणून गुलाबी रंग दिला होता. पिशव्यांवरच्या सूचना परक्या भाषांत होत्या. काही भागांत पेरणीचा हंगाम उलटून गेल्यावर बी पोहोचले. घरात उपासमार आणि दाराशी गव्हाची पोती! लोकांनी रंग धुऊन काढला आणि विष गेले असे समजून भाकऱ्या केल्या. १९७१-७२ च्या त्या हिवाळ्यात ६,५३० माणसे इस्पितळांत दाखल झाली आणि त्यांपैकी ४५९ दगावली. ती औषधे आज आपल्या भाजीच्या बियाण्याला लावीत नाहीत, हे खरे. परंतु धुतल्याने विष जाते हा समज मात्र अजून कोठे कोठे आढळतो. ज्या घरात बी आणि अन्न यांमध्ये भिंत नाही, तेथे राख, हळद आणि कडुनिंब यांचे स्थान मला यासाठी मोठे वाटते.

मात्र वनस्पतीचे म्हणजे निर्धोक, असे समीकरण मांडणारे उत्साही लोकही अलीकडे पुष्कळ भेटतात. त्यांना धोतऱ्याची आणि कण्हेरीची आठवण करून द्यावी लागते. सीताफळाच्या बियांची पूड किड्यांस मारते यात शंका नाही. पण तीच डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. वेखंडातील बीटा-ॲसरोन हे द्रव्य प्रयोगशाळेतील उंदरांच्या पोटात गेले असता त्यांना गाठी झाल्याचे आढळले आहे. तेव्हा या दोन पुडी केवळ पेरणीसाठीच राखलेल्या बियाण्याला लावाव्यात, लावताना नाकातोंडावर फडके बांधावे, आणि मडक्यावर तसे ठळक लिहून ठेवावे. खाण्यात जाऊ शकेल अशा बियाण्याला त्या मुळीच लावू नयेत.

आता प्रत्यक्ष कृती. ती थोडक्यात सांगतो, कारण तीत अवघड असे काही नाही. बी सरळ वाणाचे असावे. संकरित वाणाचे बी घरी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत त्याचे गुण विस्कटतात. फळ पूर्ण पिकल्यावरच बी काढावे, धुऊन स्वच्छ करावे आणि पातळ पसरून वाळवावे. सकाळचे दोनतीन तासांचे ऊन चांगले. मे महिन्याच्या भर दुपारी पत्र्यावर किंवा फरशीवर टाकलेले बी भाजून निघते. सरकारी बीजप्रमाणनाच्या नियमांत टोमॅटो, वांगी, मिरची आणि कांदा यांच्या बियाण्यात साध्या पिशवीसाठी ८ टक्के आणि हवाबंद डब्यासाठी ६ टक्के ही ओलाव्याची कमाल मर्यादा घातलेली आहे. घरी ओलावा मोजण्याचे यंत्र नसते. पण भोपळ्याचे बी दुमडून पाहावे. ते वाकले तर अजून ओले आहे, कटकन मोडले तर वाळले आहे.

कडुनिंबाचा किंवा करंजाचा हिरवा, निरोगी पाला सावलीत वाळवावा, मुठीत चुरला जाईल इतका. तो खलून वस्त्रगाळ करावा. पूड पुन्हा तासभर मोकळ्या हवेत पसरून तिची स्वतःची ओल घालवावी. हीच पायरी बहुतेक लोक गाळतात. शंभर भाग बियाण्यास एक भाग पूड या हिशेबाने, म्हणजे शंभर ग्रॅम बियाण्यास एक मोठी चिमूट, कोरड्या बाटलीत घालून बाटली हलवावी. दाण्यांवर धुरकट झाक आली की पुरे. पुडीचा उग्रपणा दोनतीन महिन्यांत उतरतो. तेव्हा पावसाळा संपता संपता एकदा बी उघडून पाहून नवी पूड लावणे बरे.

बाटलीचे झाकण घट्ट लावावे की कापडी पिशवीच ठेवावी, याविषयी नेहमी विचारणा होते. बी खरोखर वाळलेले असेल तर हवाबंद बाटलीसारखे उत्तम साधन नाही. तळाशी गरम गरम भाजून निववलेले मूठभर तांदूळ कापडात बांधून ठेवले तर ते राहिलेली ओल शोषून घेतात. पण अर्धवट वाळलेले बी हवाबंद केले तर ते कापडी पिशवीतल्यापेक्षाही लवकर मरते. आणि खरे सांगावयाचे तर, पूर्ण वाळवून हवाबंद केलेल्या बियाण्याला पुडीची गरज फारशी उरतच नाही. पुडीचे मोल आहे ते ज्याच्याकडे मडके आहे, पिशवी आहे आणि खोलीत पावसाळ्याची हवा खेळते आहे, त्याच्यासाठी. अशी घरे आपल्या देशात थोडी नाहीत.

एका गोष्टीविषयी मात्र मला तक्रार करावयाची आहे. पुडीच्या गुणांची वर्णने सांगणारे लोक पुष्कळदा "आमची उगवण चांगली झाली" एवढेच सांगतात. कशाहून चांगली, हे सांगत नाहीत. एका तालुक्यात कांद्याच्या बियाण्याची तक्रार आमच्यापुढे आली होती. तक्रारदाराने घरच्या बियाण्याला पूड लावली होती, पूड विकणाऱ्याने दुप्पट पिकाचे वचन दिले होते, आणि वाफा निम्मासुद्धा भरला नव्हता. पूड वाईट होती, की बी आधीच वृद्ध होते, की वाफ्यात पाणी साचले होते? ते ठरविण्यास काहीच साधन नव्हते, कारण पूड न लावलेले त्याच तुकडीचे बी कोणीच मागे ठेवले नव्हते. चौकशी कागदावर राहिली आणि त्या कुटुंबाचा हंगाम गेला. म्हणून माझे सांगणे असे की, जे बी राखाल त्याचे दोन भाग करा. एकाला पूड लावा, दुसऱ्याला लावू नका. दोन्ही सारख्याच भांड्यांत, एकाच फळीवर ठेवा आणि वर तारीख घाला. यासाठी विद्यापीठ लागत नाही.

पेरणीच्या तीन आठवडे आधी दोन्हींतून मोजून शंभर शंभर दाणे घ्यावेत. बीजपरीक्षण प्रयोगशाळेत चारशे घेतात. घरी शंभर चालतील. ओल्या पण न निथळणाऱ्या सुती फडक्यावर ते रांगेने मांडावेत, फडक्याची सैल गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. निरोगी कोंबांची तेवढी मोजणी करावी. वाकडे, कुजके, नुसते फुगलेले दाणे धरू नयेत. प्रमाणित बियाण्यासाठी कांदा, टोमॅटो आणि वांगी यांना शेकडा ७०, भेंडीला ६५ आणि मिरचीला ६० इतकी किमान उगवण ठरलेली आहे. घरच्या बियाण्याची त्यांच्याशी तुलना करता येईल. आकडा कमी आला तर बी फेकून देण्याचे कारण नाही, त्या प्रमाणात दाट टाकावे. मात्र निम्म्याच्या खाली गेला तर नवे बी शोधावे. चवळीचा निकाल आठ दिवसांत कळतो, कांद्याचा बारा दिवसांत. मिरची आणि वांगी यांना पुरे चौदा दिवस द्यावे लागतात आणि भेंडीला एकवीस. तोवर फडके सुकू देऊ नये.